दोन दात्यांमधील तेल

घाट चढणाऱ्या मालमोटारीच्या मागे जो चालत असतो, त्याला तिच्या मागच्या चाकांच्या मध्यभागी लोखंडाचा एक गोल फुगवटा दिसतो. धुळीने आणि तेलाने माखलेल्या या फुगवट्याकडे कोणी कौतुकाने पाहत नाही. इंजिनाची वाखाणणी होते, गाडीच्या रंगरूपाची होते. परंतु या गोळ्याच्या पोटात काय चालले आहे, हे कारखान्यातल्या माणसावाचून बहुधा कोणी पाहिलेले नसते. त्यास डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची सारी शक्ती लांब दांड्यावरून येथे येते, येथे काटकोनात वळते आणि डावी-उजवीकडच्या चाकांना वाटून दिली जाते. हे सारे ज्याच्या भरवशावर चालते, ते तेल लहान मोटारीत लिटर-दीड लिटर आणि मोठ्या मालमोटारीत त्याहून बरेच अधिक असते. या तेलाचा इतिहास हा माणसाने घर्षणाशी केलेल्या तडजोडीचा इतिहास आहे. घर्षण समूळ नाहीसे कधीच होत नाही. त्याचा भार कोणी वाहावयाचा, एवढेच माणसाला ठरविता येते; आणि तो भार एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर कसा जात राहिला, हेच या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

चाकाला तेल घालण्याची कल्पना फार जुनी आहे. मराठीत ‘वंगण’ आणि ‘ओंगण’ हे दोन्ही शब्द मुळात बैलगाडीच्या चाकाला लावावयाच्या स्निग्ध पदार्थाचे वाचक आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अंगाला तेल लावण्याचे गुण सांगताना गाडीच्या आसाचाच दृष्टान्त घेतलेला आहे. तेलाने मडके, कातडे आणि आस जसे चिवट व कष्ट सोसणारे होतात, तसे शरीरही होते, असा त्याचा आशय. हा दृष्टान्त देणाऱ्याला आसाचे वंगण समजावून सांगावे लागले नाही, याचा अर्थ ऐकणाऱ्यांच्या ते नित्य परिचयाचे होते. गाडीवानाच्या गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे, त्यात एरंडेलासारखे तेल आणि चिंधी असे, आणि चाक कुरकुरू लागले की गाडी थांबत असे. चाकाची कुरकुर हीच सूचना, आणि ती ऐकू येत होती. पुढच्या काळात यंत्र पेटीत बंद झाले, तेव्हा ही सूचनाच ऐकू येईनाशी झाली.

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही, याचे कारण साधे आहे. बैल चाकाला फिरवीत नाहीत. ते गाडी ओढतात, आणि दोन्ही चाके आसावर आपापल्या गतीने फिरतात. चाकालाच फिरवून गाडी पुढे न्यावयाची असे ठरले, तेव्हा अडचण उभी राहिली. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत 1.4 मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळली, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 2.2 मीटर अधिक चालते. वळण मोठे असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसविली, तर त्यांतले एक तरी रस्त्यावर फरफटलेच पाहिजे. फ्रान्समधील ओनेझिफोर पेक्योर या यंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी 1828 साली या प्रश्नाचे उत्तर पेटंटाच्या रूपाने दिले. शक्ती दोन्ही चाकांना मिळावी, परंतु गतीचा फरक त्यांनी आपसांत ठरवावा, अशी ती दंतचक्रांची रचना होती. कार्ल बेन्झ याने 1885 साली तयार केलेल्या आणि 1886 साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारगाडीतही डिफरन्शियल होते. मात्र तेथून चाकांपर्यंत शक्ती साखळीने जात असे. उघड्या साखळीवर धूळ बसे, चिखल उडे आणि तेल टिकत नसे. 1898 साली लुई रेनॉ याने आपल्या लहान गाडीत साखळी काढून फिरता दांडा वापरला. ही पद्धत रूढ होत गेली, तसतशी शक्तीला काटकोनात वळविणारी दंतचक्रे आणि डिफरन्शियल ही दोन्ही मागच्या आसाच्या मध्यावर एकाच बंद पेटीत येऊन बसली. आज मालमोटारीखाली दिसणारा फुगवटा तो हाच.

या पेटीत दोन निरनिराळी कामे चालतात, हे ध्यानात ठेवावयास हवे. दांड्याच्या टोकाला ‘पिनियन’ नावाचे लहान दंतचक्र असते आणि ते ‘क्राऊन’ नावाच्या मोठ्या दंतचक्राला फिरविते. पिनियनला 9 आणि क्राऊनला 41 दाते असतील, तर दांडा साडेचार फेऱ्यांहून थोडा अधिक फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. वेग घटतो आणि त्या प्रमाणात जोर वाढतो. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात जी लहान दंतचक्रे असतात, ती खरे डिफरन्शियल होत. सरळ रस्त्यावर ती आपल्या आसाभोवती जवळजवळ फिरत नाहीत. वळण आले किंवा एखादे चाक चिखलात घसरले, की फिरू लागतात. त्यामुळे तेलाची कसोटी लागते ती मुख्यतः क्राऊन आणि पिनियन यांच्या दात्यांवर. गाडी चालू असेतो ते दाते एकमेकांना भिडत असतात, आणि घाटात तर एका वेळी दोन-तीन दात्यांवरच साऱ्या गाडीचा भार ओढण्याचा ताण येतो.

आरंभीच्या मोटारवाल्यांनी या पेटीत जाड, चिकट वंगण भरले. जितके जाड तितके चांगले, हा समज बैलगाडीच्या काळापासूनचा होता. परंतु फार जाड वंगणात क्राऊन फिरू लागला, की तो त्यात आपल्यापुरती एक चर पाडी. थंडीत चरीच्या कडा तशाच उभ्या राहत, आणि पेटी वंगणाने भरलेली असूनही दाते कोरडे फिरत. भांडार भरलेले आणि ताट रिकामे, असा तो प्रकार होता. दाते झिजून आवाज करू लागले, की गाडी विकू पाहणारे काही चतुर लोक पेटीत लाकडाचा भुसा घालीत, अशा कथा जगभरच्या जुन्या मोटारवाल्यांत प्रचलित आहेत. भुशाने आवाज दबतो. झीज दबत नाही.

तेल नेमके काय करते, हे मात्र त्या काळी नुकतेच कळू लागले होते. त्याची हकीकत 1883 सालची आहे. इंग्लंडमधील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशाँ टॉवर हा संशोधक रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक छिद्र पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी तेथून बाहेर येऊ लागले. लाकडी खुंटी ठोकून छिद्र बंद केले, तर खुंटीच हळूहळू वर ढकलली जाऊ लागली. तेव्हा तेथे दाबमापक बसविला. बेअरिंगवरील भाराचा सरासरी दाब दर चौरस इंचास 100 पौंड असताना मापकाचा काटा 200 च्या पलीकडे गेला. याचा अर्थ असा की, फिरणारा आस स्वतःच तेलाला आपल्या खाली ओढून घेत होता आणि तेलाच्या पटलावर भार अक्षरशः तरंगत होता. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 साली याचे गणित मांडले. दोन पृष्ठांमधली फट एका बाजूकडे निमुळती होत गेली आणि गती मिळाली, की तेलात दाब उत्पन्न होतो, हा त्याचा सारांश. वंगणशास्त्र येथून सुरू झाले.

हे गणित दंतचक्रांना लावून पाहण्याचा प्रयत्न एच. एम. मार्टिन यांनी 1916 साली केला आणि त्यातून एक कोडे निघाले. दात्यांमधील तेलाचे पटल दात्यांवरील बारीक खाचखळग्यांपेक्षाही पातळ यावे, असे गणित सांगत होते. असे पटल असून नसून सारखेच. मग दंतचक्रे चालतात कशी? उत्तर मिळावयास तीन दशकांहून अधिक काळ लागला. रशियातील ग्रुबिन यांचे काम 1949 साली प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडमध्ये डाऊसन व हिगिन्सन यांनी 1959 साली त्याचे सविस्तर गणित केले. मार्टिन यांनी पोलाद ताठ आणि तेलाचा दाटपणा कायम मानला होता. वस्तुतः दाते जेथे भिडतात तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजार पटींच्या घरात असतो. त्या दाबाखाली पोलाद क्षणभर चेपून सपाट होते, आणि तेल सहस्रावधी पटींनी दाट होऊन जवळजवळ घन बनते. दाता सुटला, की दोघेही पूर्ववत होतात. हे पटल बहुधा एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या सहस्रांश भागाच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असते. मनुष्याचा केस त्याच्या कितीतरी पट जाड आहे.

परंतु पटल अखंड राहीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. गाडी जागची हलताना, घाटात मंद गतीने चढताना, वेगात अचानक धक्का बसताना ते तुटते, आणि धातूला धातू लागतो. अशा वेळी केवळ दाटपणा कामास येत नाही; तेलाच्या अंगी धातूला बिलगून राहण्याचा गुण असावा लागतो. हा गुण एरंडेलात आणि चरबीत उपजत असतो. 1859 साली पेनसिल्व्हेनियात ड्रेकने विहीर खणल्यानंतर स्वस्त खनिज तेल बाजारात आले; ते टिकाऊ होते, पण त्यात हा गुण फारसा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वेल्स आणि सदकोम यांनी खनिज तेलात स्निग्धाम्लाचा अगदी अल्प अंश मिसळला, तरी घर्षण बरेच घटते, असे दाखविले. 1922 मध्ये विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे यांनी त्याचे मर्म उलगडले. स्निग्धाम्लाच्या रेणूचे एक टोक धातूला धरते आणि बाकीची शेपटी बाहेर उभी राहते. अशा रेणूंची दाट लव पृष्ठावर तयार होते. गाडीवानाच्या नळ्यातील तेलाचा जुना गुण अशा रीतीने थेंबाथेंबाने नव्या तेलात परत आला.

नेमक्या याच सुमारास दात्यांवरचा भार अकस्मात वाढला, आणि तो वाढला प्रवाशांच्या सोयीसाठी. सरळ दात्यांची दंतचक्रे आवाज फार करीत, म्हणून 1913 साली पॅकार्ड कंपनीने अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ग्लीसन कारखान्याच्या साहाय्याने वळणदार दात्यांची क्राऊन-पिनियन जोडी वापरात आणली. तरीही पिनियनचा आस क्राऊनच्या मध्याच्या पातळीवरच असे. त्यामुळे इंजिनाकडून येणारा दांडा उंच राही, गाडीची जमीन उंच राही, आणि गाडी वळणावर डुले. ग्लीसनमधील स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते अर्न्स्ट विल्डहाबर यांनी पिनियनचा आस मध्याच्या खाली नेणारी ‘हायपॉइड’ नावाची रचना सिद्ध केली. 1926 साली पॅकार्डने ती आपल्या मोटारीत घातली. दांडा खाली गेला, बैठक खाली आली. पिनियन आकाराने मोठा व मजबूत झाला आणि आवाजही कमी झाला. परंतु या सुखाची किंमत दात्यांना द्यावी लागली. पूर्वीचे दाते एकमेकांवर मुख्यतः लोळत आणि थोडेसे घसरत. हायपॉइडचे दाते आपल्या लांबीच्या दिशेनेही सतत घसरतात. प्रचंड दाब आणि त्यातच घासणे असा हा दुहेरी मारा होता. त्यापुढे साधे तेल टिकेना; स्निग्धाम्लाची लवही उष्णतेने वितळून जाई. मग दाते क्षणमात्र एकमेकांना चिकटत, आणि सुटताना पृष्ठ ओरबाडून निघे.

यावर जो उपाय सापडला तो विलक्षण आहे. तेलात गंधकाची, क्लोरीनची, शिशाच्या साबणाची आणि पुढे फॉस्फरसची संयुगे मिसळण्यात आली. थंड असताना ती स्वस्थ असतात. ज्या सूक्ष्म टोकावर धातूला धातू घासतो तेथे क्षणार्धात तीव्र उष्णता उत्पन्न होते, आणि तेवढ्याच जागी गंधक लोखंडाशी संयोग पावून लोहगंधकाचा पापुद्रा तयार करतो. हा पापुद्रा पोलादापेक्षा सहज घसरतो आणि सहज झिजतो. तो झिजला, की दुसरा तयार होतो. म्हणजे हे तेल दात्यांना किंचित गंजविते, आणि त्या गंजाच्या आडोशाने त्यांना वाचविते. डिफरन्शियलचे झाकण उघडताच जो उग्र दर्प येतो, तो याच संयुगांचा. थोडी झीज जाणूनबुजून पत्करून मोठा नाश टाळावयाचा, हे येथील तत्त्व होय. येथे घर्षणाचा भार दात्यांकडून तेलात विरघळलेल्या द्रव्याकडे आला; आणि ते द्रव्य खर्च होत जाते, म्हणूनही तेल बदलावे लागते.

औषध जालीम असले, की मात्रा पाहावी लागते. फार तीव्र गंधक तांब्याच्या व पितळेच्या भागांना खातो. शिवाय प्रत्येक निर्माता आपापले तेल सुचवी, आणि एकाची संयुगे दुसऱ्याच्या संयुगांशी जुळतीलच असे नसे. दुसऱ्या महायुद्धात ही अव्यवस्था सैन्याला परवडणारी नव्हती. वाळवंटातल्या आणि बर्फातल्या हजारो गाड्यांना चालेल अशा तेलाचे मानक अमेरिकन सैन्याने युद्धकाळात ठरविले. ते 1950 मध्ये सुधारून पुन्हा जारी झाले. त्यानंतर मोटारींची इंजिने अधिक बलवान झाली आणि वेगात बसणाऱ्या धक्क्यांपुढे ते तेल अपुरे पडू लागले, तेव्हा 1962 मध्ये त्याहून कडक मानक आले. आज तेलाच्या डब्यावर जीएल-4 आणि जीएल-5 अशी जी अक्षरे छापलेली असतात, त्यांची परंपरा या मानकांपर्यंत पोहोचते. त्यांतील दुसरे हायपॉइडसाठी असते. ज्या गिअरपेटीत पितळेची कडी आहेत तेथे ते निर्मात्याच्या सूचनेवाचून घालू नये, याचे कारण गंधकाच्या स्वभावातच आहे.

या तेलाच्या इतिहासात एक पान समुद्राचेही आहे. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या मस्तकातून आणि चरबीतून निघणारे तेल रासायनिक दृष्ट्या इतर चरबीहून वेगळे, द्रवरूप मेणासारखे असते. त्यावर गंधकाची प्रक्रिया केली, की ते खनिज तेलात उत्तम विरघळे, थंडीत गोठत नसे आणि दात्यांना मोलाचे संरक्षण देई. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून ते गिअरच्या तेलांत वापरले जाऊ लागले. दिव्यांसाठी होणारी देवमाशांची शिकार खनिज तेलाने मागे पडली, असे सांगितले जाते, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु त्याच खनिज तेलाला पुरे पडता यावे म्हणून पुढे देवमाशालाच ओढून आणले गेले, हे क्वचितच सांगितले जाते. 1970 साली अमेरिकेने स्पर्म देवमाशाचा समावेश नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत केला, आणि या तेलाची तेथील आयात बंद झाली. आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव 1982 साली केला आणि तो 1985-86 च्या हंगामापासून अमलात आला. तेलाच्या कारखानदारांना पर्याय शोधणे भाग पडले. इतर चरबीवर व वनस्पतिज तेलांवर गंधकाची प्रक्रिया करून, तसेच रसायनशाळेत घडविलेल्या संयुगांनी ती उणीव भरून निघाली. होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांतील द्रवरूप मेण देवमाशाच्या तेलाशी विशेष साम्य दाखविते, असेही आढळले. मेक्सिको-अमेरिकेच्या सीमेवरील सोनोरा वाळवंटातील हे झुडूप आज आपल्या राजस्थानातही लावले जाते. मोटारीची बैठक काही इंच खाली यावी म्हणून जो भार दात्यांवर गेला, त्याचा काही अंश दूर समुद्रातील एका मुक्या प्राण्याने वाहिला, हे विसरता येत नाही. आणि नियमाने तो भार काढून घेतल्यावर दंतचक्रे थांबली नाहीत, हेही विसरण्याजोगे नाही.

इतके शास्त्र त्या तेलात उतरले, तरी ते दात्यांपर्यंत पोहोचविण्याची रीत अगदी साधी राहिली आहे. बहुतेक गाड्यांत येथे पंप नसतो. क्राऊनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो. तो फिरताना तेल वर उडवितो, आणि पेटीतील पन्हळीतून ते पिनियनच्या बेअरिंगांकडे वाहते. म्हणून पातळी महत्त्वाची. सामान्यतः पेटीच्या अंगावर भरण्याचे जे छिद्र असते त्याच्या खालच्या काठापर्यंत तेल यावे, अशी योजना असते. कमी पडले तर दाते उपाशी राहतात, आणि जास्त झाले तर तेल घुसळून फेस होतो व तापते. पेटीवर हवा जाण्या-येण्यासाठी एक लहान नळी असते. ती मातीने बुजली, तर तापलेली हवा तेलालाच सीलमधून बाहेर रेटते. आणि तापलेली पेटी ओढ्याच्या पाण्यात शिरून एकाएकी थंड झाली, तर पाणी आत ओढले जाते. कारखान्यांतून ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात ते तेल इंजिनाच्या चाळीस नंबरच्या दुपटीहून दाट असते, असाही समज आहे. तो खरा नव्हे. दोन्ही मापपट्ट्या वेगवेगळ्या आहेत, आणि तापल्यावर दोन्ही तेलांचा दाटपणा जवळपास सारखाच असतो.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हापासून खंबाटकी, कसारा, आंबा असे घाट रोज चढत-उतरत आलेल्या गाड्यांत किती लोक बसले, याची गणती करणे कठीण. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, रात्री आगारात कोणी तरी गाडीखाली आडवे होऊन, ते छिद्र उघडून, आत बोट घालून तेलाची पातळी पाहिली होती. बैलगाडीचे चाक कुरकुरून आपली गरज सांगे; बंद पेटीतले दाते मात्र सांगतात ते झीज होऊन गेल्यावर. म्हणूनच येथे कानाची जागा नियमाने घ्यावी लागते, आणि तो नियम पाळणाऱ्याचे काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

1983 साली मारुती 800 आली आणि लहान मोटारींत पुढची चाके फिरविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. तेथे इंजिन आडवे बसते, शक्तीला काटकोनात वळावे लागत नाही, म्हणून हायपॉइडची गरज उरत नाही. डिफरन्शियल गिअरपेटीतच जाऊन बसते आणि तेच तेल दोघांना पुरते. मालमोटारींनी मात्र मागचा फुगवटा सोडलेला नाही. आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांत इंजिन नाही, इंजिनाचे तेलही नाही. परंतु बहुतेकींत वेग घटविणारी दंतचक्रे आहेत, डिफरन्शियल आहे, आणि त्यांच्यासाठी तेल आहे; शिवाय तेथे मोटारीचे तांबे जवळच असल्यामुळे त्या तेलाने तांब्यालाही जपले पाहिजे, ही नवी अट पडली आहे. रस्ता वळतो तोवर दोन चाकांच्या चालीत फरक राहणार, आणि तो फरक सांभाळणारे दाते एकमेकांना भिडत राहणार. त्यांच्यामध्ये मायक्रॉनभर जाडीचे तेलाचे जे पटल असते, ते टिकविण्याचा खर्च कोणावर पडतो, याचा हिशेब मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागेल.